जाऊबाईंचा उरलेला दोरा

दोरा संपतो यावर माझा विश्वास नाही. रीळ संपतं, बॉबिन रिकामी होते, कापड विरून जातं, शिवणारी माणसं थकतात. पण दोरा म्हणून जी वस्तू आहे ती या जगात कुठंही संपत नाही. ती फिरत फिरत शेवटी जळकोटला आमच्या थोरल्या जाऊबाईंकडं येते आणि तिथंच राहते. कुणाच्या सदऱ्याला बटण लावून हातभर उरलेला, कुणाच्या शालूच्या फॉलचा, कुणाच्या बॉबिनच्या तळाशी चार वेढे राहिलेला, कुणाच्या आजेसासूच्या पेटीत कापराच्या वड्यांशेजारी सापडलेला, अशा सगळ्या दोऱ्यांचं माहेर म्हणजे हायवेपासून दोन गल्ल्या आत असलेलं जाऊबाईंचं घर. आम्ही नळदुर्गात राहतो, मी तिथं शाळेत शिकवते. जळकोट एसटीनं जवळ, त्यामुळं बहुतेक रविवारी आमची फेरी तिकडं होते. लग्न झाल्यापासून एकदाही मी तिथून अंगावर दोरा न चिकटता परत आले असं मला आठवत नाही.

जाऊबाई, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आक्का, उंच, सावळ्या, आणि मशीनवर बसून बसून चालतानाही जरा पुढं झुकलेल्या. ब्लाऊजच्या खांद्याला सुई टोचलेली, तिला दोन-तीन रंगांच्या शेपट्या, आणि गळ्यात मंगळसूत्राच्या बरोबरीनं मापाची टेप. समोरच्या एका दाताला बारीक खाच आहे. ती दातानं दोरा तोडून तोडून पडली आहे. घरात कात्र्या तीन, पण कात्रीनं तोडला की दोरा बोटभर जास्त जातो हे त्यांचं मत. साडीवर चिकटलेल्या दोऱ्यांवरून त्यांनी सकाळपासून काय काय शिवलं ते सांगता येतं. भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, शेतातून आले की पाय धुता धुता बायकोच्या पदराकडं बघतात आणि म्हणतात, "गिरणीवाल्या वहिनीचा परकर झाला वाटतं आज." गिरणीवाल्या वहिनी म्हणजे शेजारी पिठाची गिरणी चालवणाऱ्या बाई. भाऊजींचा अंदाज सहसा चुकत नाही.

मी सून म्हणून घरात आले त्या दिवशी सगळ्या बायका माझं तोंड बघायला जमल्या होत्या. कुणी नथ बघत होतं, कुणी रंग. जाऊबाई मात्र येऊन सरळ माझ्या पायाशी बसल्या. मला वाटलं, काही विधी असेल. त्यांनी माझ्या शालूचा खालचा काठ उलटा केला, फॉलवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्यो कुणी लावला?"

"आमच्याकडच्या टेलरनं," मी म्हणाले.

"नवा दोरा घातलाय." त्या इतक्या हळहळून बोलल्या की मला आपल्या माहेरची काही मोठी चूक झाली असं वाटलं. "फॉलला नवा दोरा कशाला लागतोय गं. पायाखालचं काम हाय ते."

एवढं बोलून त्या उठल्या. माझ्या तोंडाकडं त्यांनी पाहिलं ते बहुधा दुसऱ्या दिवशी.

त्यांच्याकडं बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे आहेत. वरचं चित्र घासून गेलेलं, झाकणं चेपलेली. पहिल्या डब्यात जिंदा दोरा, दुसऱ्यात आजारी आणि तिसऱ्यात मेलेला. हे शब्द त्यांचेच. घरात कुठूनही दोरा आला की तो आधी तपासला जातो. हातभर दोरा घ्यायचा, दोन्ही टोकं बोटांना गुंडाळायची, कानाजवळ न्यायचा आणि झटका द्यायचा. जिंदा दोरा बोटाला काचतो, तुटायला कुरकुरतो आणि तुटलाच तर कानात टण्ण वाजतो. आजारी दोरा नुसता टक् करतो. मेलेला काहीच बोलत नाही, दोन्ही हात आपोआप लांब होतात. पॉलिस्टरच्या दोऱ्याबद्दल त्यांना थोडा संशय आहे. "ह्यो मरतच न्हाय," त्या म्हणतात, "मला भ्या वाटतं ह्याचं."

ही परीक्षा सुरू होण्याला एक कारण घडलं. भाऊजी एका वर्षी गावच्या शाळेच्या समितीचे अध्यक्ष होते आणि झेंडावंदन त्यांच्या हातून व्हायचं होतं. जाऊबाईंनी त्यांना नवा पांढरा शर्ट शिवला. कापड नवं, बटणं नवी, पण दोरा सासूबाईंच्या पेटीत सापडलेल्या लाकडी रिळाचा. ते रीळ घरात कधी आलं हे खुद्द सासूबाईंनाही सांगता येत नव्हतं. सकाळी सगळं गाव शाळेच्या पटांगणात. भाऊजींनी दोरी ओढली, झेंडा फडकला, फुलं खाली पडली, आणि सलामीसाठी त्यांनी उजवा हात कपाळाकडं नेला तशी शर्टाची बाही खांद्यापासून सुटली. मनगटाचं बटण लावलेलं, त्यामुळं ती खालीही पडेना. कोपरावरून नुसती लोंबकळत राहिली. राष्ट्रगीत सुरू झालं होतं, हलायची सोय नव्हती. भाऊजी ताठ उभे राहिले, उघड्या खांद्यानं, शेवटपर्यंत. मुलांच्या रांगेतून एक आवाज आला नाही, याचं श्रेय आमचे हे अजून त्या वेळच्या हेडमास्तरांना देतात. घरी आल्यावर भाऊजींनी बाही काढून बायकोच्या पुढ्यात ठेवली. जाऊबाईंनी ती उचलली, शिवणीतला दोरा ओढून कानाशी नेला आणि म्हणाल्या, "मेलाय वो ह्यो. कवाच मेलाय." मग बराच वेळ त्या बाही मांडीवर घेऊन बसून होत्या. त्यानंतर न तपासलेला दोरा त्यांच्या मशीनवर चढला नाही.

पण मेला म्हणून दोरा टाकायचा, असं नाही. मेलेल्या दोऱ्याचे गुंते उशीत भरले जातात. त्यांच्या हातची टाचण्यांची उशी सगळ्या नात्यात प्रत्येक घरी आहे. आमच्याकडं चार आहेत आणि टाचण्या मात्र सहा. आजारी दोरा कच्च्या टाक्याला. मापाला म्हणून आधी जे कच्चं शिवायचं आणि मग ओढून काढून टाकायचं, त्याला लवकर तुटणारा दोराच बरा, कारण काढताना कापडाला ओढ बसत नाही. "आजारी माणसाला हलकं काम द्यायचं," जाऊबाई सांगतात, "पण काम द्यायचं. रिकामं बसवलं की लवकर जातंय." वाकळ शिवायची तर तीन आजारी दोरे एकत्र पिळायचे, त्यांचा एक धडधाकट होतो. कढीपत्त्याची जुडी बांधायला दोरा, टोमॅटोचा वेल काठीला बांधायला दोरा. फक्त अंगणात दोरा टाकायला सक्त बंदी. एकदा त्यांच्या कोंबडीच्या पायाला दोरा गुंडाळला गेला आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत बोट काळं पडलं. जाऊबाईंनी ती कोंबडी पदराखाली धरून सुईच्या टोकानं एक एक वेढा सोडवला. ती कोंबडी लंगडत का होईना बरीच वर्षं जगली आणि तिचं कालवण करायचा विषय त्या घरात कुणी काढला नाही.

बॉबिनचा प्रकार निराळा. प्रत्येक शिवणकाम संपलं की बॉबिनवर थोडा दोरा उरतोच. दुसरी बाई तो काढून फेकते आणि नवा भरते. जाऊबाई उरलेल्यावरच नवा भरतात. त्यामुळं त्यांची बॉबिन कांद्यासारखी असते: वर निळा, त्याखाली पिवळा, त्याखाली लाल, आणि तळाशी कुणाच्या तरी बारशाच्या झबल्याचा गुलाबी. शिवताना वरचा दोरा कापडाच्या रंगाचा, अगदी मिळताजुळता, त्यात त्या तडजोड करत नसत. खालचा दोरा मात्र बॉबिन देईल तो. परिणाम असा की आमच्या घराण्यातला प्रत्येक माणूस बाहेरून साधा आणि आतून रंगपंचमी. "आतलं कुणाला दिसतंय," त्या म्हणत, "तितं वापरून टाकायचं."

पण आतलंही कधीतरी दिसतं. आमच्या ह्यांच्या छातीत एकदा कळ आली म्हणून सोलापूरला दवाखान्यात गेलो. ह्यांनी तपासणीसाठी शर्ट काढून खुर्चीवर टाकला तो उलटा पडला. राखाडी शर्ट, आणि आतून प्रत्येक शिवण हिरवी, मग केशरी, मग जांभळी. नर्सबाई कागदावर लिहिता लिहिता थांबल्या आणि शर्टाकडंच बघत राहिल्या. कळ पित्ताची निघाली. त्या आनंदात आणि गडबडीत ह्यांनी शर्ट उलटाच घातला आणि मीही बघितलं नाही. एसटीत शेजारच्या बाईंनी मला हळूच विचारलं, असं भरतकाम कुठं करून मिळतं. मी जळकोटचा पत्ता सांगितला. दुसरं काय सांगणार.

शेतातल्या पोत्यांवरसुद्धा जाऊबाईंचा डोळा. खताच्या पोत्याचं तोंड ज्या दोऱ्यानं शिवलेलं असतं त्याचं योग्य टोक सापडलं की सगळी शिवण एका ओढीत सर्रकन उलगडते. भाऊजी घाईत विळ्यानं पोतं कापायचे, तेव्हा जाऊबाई त्या दिवशी त्यांना दुसरी भाकरी हवी का विचारायच्या नाहीत. शेवटी भाऊजी टोक शोधायला शिकले. बाजाराच्या दिवशी त्या नळदुर्गला येत आणि टेलरांच्या दुकानांतून उरलेल्या बॉबिनी गोळा करत. एक टेलर तर त्या येताना दिसल्या की स्वतःहून पुडी काढून ठेवायचा आणि म्हणायचा, "आली बघा म्युनिसिपाल्टी." जाऊबाईंना हा मान वाटायचा.

दोनेक वर्षांपूर्वी त्यांनी मला गर्द हिरवा ब्लाऊज शिवून दिला. बघते तर वरचा दोरा मरून. गळ्याभोवती, बाह्यांना, सगळीकडं ठळक. मी आमच्या ह्यांना दाखवला. ते म्हणाले, "आता आतलं बाहेर आलं. वहिनीची काटकसर वाढली." आम्ही हसलो. मी तो ब्लाऊज शाळेत घालून गेले, एका मॅडमनी डिझाईन आहे का विचारलं, मी हो म्हणाले. पुढं भाऊजींच्या पांढऱ्या पायजम्याला निळसर शिवण आली. उशांच्या अभ्र्यांना एकाच बाजूला दोन रंग आले. जाऊबाई बाजाराला यायच्या बंद झाल्या. "गुडघं दुखतेत," म्हणाल्या. दोरा कानाशी धरून तोडायचं प्रमाण मात्र वाढलं. आधी झटका देऊन ठरवायच्या, आता एकच दोरा तीन-तीनदा तपासायच्या. आम्ही म्हणायचो, आक्कांचं वेड वाढतंय. प्रेमानंच म्हणायचो.

हे लिहिताना मला माझीच लाज वाटते. वर्गात मागच्या बाकावरचं कुठलं मूल फळ्याकडं डोळे बारीक करून बघतं ते मला पहिल्या आठवड्यात कळतं. मी लगेच आईबापांना निरोप धाडते. आणि इथं दर आठवड्याला मी ज्यांच्या समोर बसून चहा पीत होते, त्यांच्या बाबतीत मला काही म्हणजे काही दिसलं नाही.

एका रविवारी दुपारी मी एकटीच गेले. दार उघडं होतं. जाऊबाई मशीन सोडून उंबऱ्याजवळ उजेडात बसल्या होत्या आणि सुई ओवत होत्या. दोरा जिभेवर ओला करून त्याचं टोक केलं, सुई वर धरली, दोरा नेला. तो नेढ्याच्या शेजारून गेला. पुन्हा नेला, पुन्हा शेजारून. त्यांना वाटलं ओवला गेला, म्हणून पलीकडून ओढायला बोटं गेली, तिथं काहीच नव्हतं. असं सात-आठ वेळा झालं. मग त्यांनी सुई खांद्याला टोचली, हात मांडीवर ठेवले आणि तशाच बसून राहिल्या. मी दारात उभी होते, त्यांच्यापासून दोन हातांवर.

"कोण हाय?" त्यांनी विचारलं. "वहिनी का?"

"मी आहे, आक्का."

"म्हाईत हाय की. मस्करी केली." आणि लगेच, "काय बघलालीस गं तितं? बस की."

मी बसले. त्यांच्या खांद्यावरची सुई काढून घेतली, त्यांच्या हातातला दोरा घेतला आणि ओवला. ओवलेली सुई परत देताना विचारलं, "हा कुठल्या रंगाचा आहे?"

"शाळा घेतीस व्हय माझी?"

"सांगा तरी."

त्यांनी दोरा डोळ्यांजवळ नेला. "काळा," म्हणाल्या.

तो जांभळा होता, चांगला वांग्यासारखा. मी काही बोलले नाही, आणि माझ्या न बोलण्यावरून त्यांना कळलं.

"माझ्या आईचा डोळा कापला व्हता," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "कापायच्या आधी तिला अंधुक तरी दिसायचं. कापला आन ते बी गेलं. मला आता मशीन कुठं हाय ते तरी दिसतंय. असू दे तेवढं."

भाऊजी आले तेव्हा मी अंगणात जाऊन त्यांना सांगितलं. ते खाली बघत म्हणाले, "मला कळलं व्हतं. ताटात मीठ शोधताना हात फिरवायची. मग मी मीठ एकाच जागी वाढाया लागलो. पाण्याची घागर बी वाटंतनं हलवली." मी विचारलं, मग बोलला का नाहीत. ते म्हणाले, "ती बोलंना, मग म्या कसं बोलू."

जाऊबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तयार करायला दीड महिना लागला. रागावून झालं, समजावून झालं, आमच्या ह्यांनी मोबाईलवर ऑपरेशनचा व्हिडिओ दाखवला, तो त्यांना दिसलाच नाही. शेवटी त्या एका अटीवर कबूल झाल्या. "एकच डोळा. दुसरा माझ्यापाशी ऱ्हाऊ दे. ह्यो गेला तर त्यो हाय."

सोलापूरच्या दवाखान्यात त्यांना हिरवा गाऊन घातला आणि बाकावर बसवलं. रांगेत त्यांच्यासारख्या आठ-दहा बायका, सगळ्या गप्प, कुणी माळ ओढतंय, कुणी डोळे मिटून. जाऊबाईंच्या हाताला गाऊनचा बंद लागला. तो एका टाक्यावर लटकत होता. त्यांनी नर्सला हाक मारली, "बाई, सुई हाय का? ह्यो बंद जायाच्या मार्गावर हाय." नर्स म्हणाली, "आहे, पण ती तुम्हाला द्यायची नाही, टोचायची आहे." सगळा बाक हसला. जाऊबाई आत गेल्या त्या गाऊनचा बंद मुठीत धरून, जपून चालत.

बाहेर आल्यावर डॉक्टरांना त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "टाका कुठल्या दोऱ्यानं घातला?"

"टाका नाही, आजी. बिनटाक्याचं ऑपरेशन आहे."

जाऊबाईंना हे अजिबात पटलं नाही. जीपमध्ये जळकोटपर्यंत त्या मान स्थिर धरून बसल्या. बिनटाक्याचं काही टिकतं, हे त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरला म्हणत, "सावकाश रं बाबा, आत कच्चंच हाय सगळं."

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. त्यांनी खिडकीकडं बघितलं, भाऊजींकडं बघितलं, मग माझ्याकडं वळल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तुझं केस पांढरं झालं की गं. कवा?"

"झाली दोन वर्षं."

"मला कुणी सांगितलं न्हाय," त्या म्हणाल्या.

महिनाभर शिवायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. भाऊजींनी मशीनचा पट्टा काढून कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. जाऊबाई काळा चष्मा लावून रोज मशीन पुसायच्या. महिना झाला, पट्टा चढला, आणि त्यांनी आधी डबे उघडले. जिंदा दोऱ्याचा डबा ठीक होता, कारण तो कानानं भरलेला. पण रंगांचा नुसता बाजार झालेला. बॉबिनी हातात घेऊन घेऊन त्या बघत राहिल्या. मग भाऊजींचा पायजमा काढला, अभ्रे काढले. कुणाला काही न बोलता उसवायला बसल्या. घरातलं संपलं तशा गल्लीत निघाल्या. दोन वर्षांत ज्यांचं ज्यांचं शिवलं ते सगळं मागून आणायचं, उसवायचं आणि नीट शिवून द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

सगळ्यात आधी गेल्या त्या गिरणीवाल्या वहिनींकडं. पुढचं मला भाऊजींनी सांगितलं, आणि नंतर वहिनींनीही. वहिनी म्हणाल्या, परकर धुवायला टाकलाय. मग म्हणाल्या, लेकीनं नेला. जाऊबाईंची नजर मागच्या दोरीवर गेली. परकर तिथंच वाळत होता. त्यांनी जाऊन काठ उलटा केला. निळ्या परकराला निळा दोरा, वरून निळा, आतूनही निळा.

"ही टीप माझी न्हाय," जाऊबाई म्हणाल्या.

वहिनींनी खूप टाळलं, पण शेवटी सांगितलं. रंग चुकत होते. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. जो तो कपडा घरी नेऊन उसवायचा आणि पुन्हा शिवून घ्यायचा. वहिनींची लेक माहेरी आली की तिच्या पुढ्यात गल्लीतल्या कपड्यांचं गाठोडं पडायचं.

"आन तरी मलाच दिऊन जायचा?"

"मग काय करायचं, आक्का," वहिनी म्हणाल्या. "आमी न्हाय दिलं तर तुमी कशासाठी बसला असता मशीनवर?"

जाऊबाई घरी आल्या आणि मशीनवर चादर टाकली. तीन दिवस ती उचलली नाही. जेवण करायच्या, गोठ्यात जायच्या, पण बोलायच्या नाहीत. गिरणीवाल्या वहिनी दोनदा येऊन दारातून परत गेल्या. रविवारी मी गेले तेव्हा भाऊजींनी मला अंगणातच गाठून हे सगळं सांगितलं आणि म्हणाले, "तू बोलून बघ. माझं काय चालंना."

मी आत गेले. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. काळा चष्मा नव्हता. माझ्याकडं नीट बघून त्यांनी विचारलं, "तुझा बी उसवलास का, त्यो हिरवा?"

"नाही," मी म्हणाले.

"खरं सांग."

"खरंच नाही. तसाच घालते. शाळेत जाते."

"का गं?"

आता खोटं बोलायला सुचत नव्हतं आणि खरं बोलायची लाज वाटत होती. "मला वाटलं, तुम्ही काटकसर केली," मी म्हणाले. "मरून दोरा उरला असेल, म्हणून घातला असेल. मला काही कळलंच नाही, आक्का."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरले, डोळ्यातून पाणी येऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण त्या हसत होत्या. पदर तोंडाला लावून, दाताची खाच दिसेपर्यंत हसत होत्या.

"म्हंजी सगळ्या गल्लीला कळलं," त्या म्हणाल्या, "आन मास्तरीणबाई, तूच एकली येडी."

भाऊजी दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी हळूच आत येऊन मशीनवरची चादर काढली, घडी घातली आणि कपाटात ठेवून दिली. थोड्या वेळानं जाऊबाई उठल्या, वहिनींच्या दाराशी गेल्या, आणि घरी न बोलावताच त्यांना म्हणाल्या, "लेकीला सांग, टीप बरी हाय तिची. पण दोरा नवा वापरलाय. वाया घातला." वहिनी त्या दिवशी जाऊबाईंकडं चहाला आल्या आणि दिवेलागणीपर्यंत बसल्या.

आता सगळं ठीक आहे. दुसरा डोळा अजून तसाच आहे. त्याच्या ऑपरेशनचा विषय निघाला की त्या म्हणतात, बघू, तूर निघू दे. शिवतात, पण पूर्वीइतकं नाही. गल्लीतल्या मुली तयार कपडे आणतात, त्या फार फार तर लांबी कमी करायला येतात. डबे तीनच आहेत, नवा दोरा त्यात फारसा पडत नाही. ऑपरेशन केलेल्या डोळ्यानं त्यांना लख्ख दिसतं, डॉक्टर तपासून तसं सांगतात, आणि माझ्या साडीवरचा डाग त्या मी फाटकात असतानाच दाखवतात. पण एक सवय नवीन लागली आहे. मशीनवर दोरा चढवायच्या आधी त्या दाराशी येतात आणि जो असेल त्याला विचारतात. भाऊजींना, दूधवाल्याला, वहिनींना. जन्मभर ज्यांनी दोऱ्याच्या बाबतीत कुणाचं मत घेतलं नाही, त्या दोरा पुढं धरून विचारतात आणि उत्तर येईपर्यंत थांबतात.

परवाच्या रविवारी मलाही विचारलं. "बग गं, ह्यो अबोली हाय का गुलाबी?"

त्यांना ठाऊक होतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी पर्समधून चष्मा काढला, दोरा उजेडात नेला आणि चांगला न्याहाळून बघितला.

"अबोली," मी म्हणाले.

"मलाबी तसंच वाटलं," त्या म्हणाल्या, आणि दोरा परत घेऊन सुई त्यांनी स्वतःच ओवली.